मेंदूतील स्मरणाचे चित्रण : प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीतील तुरीन येथे आंजेलो मोस्सो हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत असता, अपघाताने ज्याच्या कवटीचा एक भाग नाहीसा झाला होता आणि त्या उघड्या जागी ज्याच्या मेंदूचे स्पंदन बाहेरून मोजता येत असे, असा बेर्तिनो नावाचा एक शेतकरी त्यांच्या पाहण्यात आला. त्याच्या मेंदूच्या आणि त्याच वेळी त्याच्या हाताच्या स्पंदनांचे आलेख काढण्याचे काम चालू असताना एके दिवशी चर्चची माध्यान्हीची घंटा वाजली. हाताची रेषा होती तशीच राहिली, मेंदूची रेषा मात्र उसळली. घंटा ऐकून, मनातल्या मनात म्हणावयाच्या प्रार्थनेची तुला आठवण झाली काय, असे मोस्सो यांनी विचारले. बेर्तिनोने होय म्हटले, आणि तो ते म्हणत असताना रेषा पुन्हा उसळली. एका साध्या माणसाच्या मनात राहून गेलेली प्रार्थना जागी व्हावी आणि त्याच क्षणी त्याच्या मेंदूतील रक्ताची गती बदललेली कागदावर उमटावी, या घटनेचे महत्त्व त्या काळी थोड्यांनाच कळले असेल. परंतु पुढील पृष्ठांत ज्या विद्येचे विवेचन आहे तिचा आरंभ शोधावयाचा तर तो येथपर्यंत मागे जाऊन शोधला पाहिजे, असे मला वाटते.

1890 साली इंग्लंडमध्ये रॉय आणि शेरिंग्टन या दोघा संशोधकांनी मेंदूच्या ज्या भागाचे काम वाढते त्या भागाचा रक्तपुरवठाही वाढतो असा सिद्धान्त मांडला, आणि आज मेंदूच्या कार्याची म्हणून जी रंगीत चित्रे वर्तमानपत्रांतून आपल्यासमोर येतात ती बहुतांशी याच एका संबंधावर उभी आहेत. चित्र पाहणाऱ्याने ही गोष्ट प्रत्येक वेळी स्वतःला बजावली पाहिजे, कारण चित्रात जे लाल-पिवळे दिसते ती स्मृती नव्हे, विचार नव्हे, चेतापेशींची हालचालही नव्हे. त्या हालचालीच्या मागोमाग तेथे जे रक्त धावले, त्याची ती खूण आहे. स्मृती आणि रक्त यांच्या दरम्यान अनुमानाच्या दोन-तीन पायऱ्या आहेत आणि त्यांतील प्रत्येक पायरी जपून चढावी लागते. तरीही त्या चढून ज्यांनी पाहिले त्यांच्या हाती जे लागले ते इतके मोलाचे आहे की, मनुष्याने स्वतःविषयी बाळगलेली एक फार जुनी समजूत त्यामुळे बदलावी लागली.

ती समजूत दप्तरखान्याची होती. घडलेल्या गोष्टीची नोंद होते, नोंदीचा कागद रुमालात बांधून फडताळात ठेवला जातो, आणि गरज पडली की कोणी आतला कारकून तो रुमाल सोडून मूळ कागद हुजुरात दाखल करतो. कधी रुमाल हाती लागत नाही, कधी कागदाला कसर लागलेली असते, तथापि जो कागद निघेल तो अस्सल असतो, अशा विश्वासाने सामान्य माणूस आपल्या आठवणींकडे पाहत आला, आणि कित्येक पंडितांचाही भाव याहून फारसा निराळा नव्हता. कॅनडातील मॉन्ट्रिऑल येथे वायल्डर पेनफील्ड हे शल्यविशारद अपस्माराच्या रोग्यांवर, त्यांना शुद्धीत ठेवून, शस्त्रक्रिया करीत, तेव्हा या समजुतीस प्रत्यक्ष आधार मिळाल्यासारखा झाला. कोणता भाग काढावा व कोणता राखावा याची खातरजमा करण्यासाठी ते मेंदूच्या पृष्ठभागाला विजेचा सौम्य स्पर्श करीत, आणि कानशिलामागच्या भागाला असा स्पर्श होताच एखाद्या रोग्याला ओळखीचे गाणे ऐकू येई, एखाद्याला जुना प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहिल्याचा भास होई. जाणिवेतून गेलेले सर्व काही मेंदूत अखंड नोंदलेले आहे, असे अनुमान पेनफील्ड यांनी यावरून काढले. परंतु त्यांनी आणि पेरो यांनी 1963 साली जो हिशोब प्रसिद्ध केला त्यात कानशिलामागच्या भागाच्या 520 रोग्यांपैकी असा अनुभव आलेले केवळ 40 होते, आणि त्यांनी सांगितलेले प्रसंग खरोखर घडलेले होते की नाही याची रुजुवात घालण्यास बहुतेक ठिकाणी साधनच नव्हते. एवढ्या अपुऱ्या दाखल्यावर एवढा मोठा निवाडा उभारला गेला, याचे कारण मला एवढेच दिसते की तो आपल्या सर्वांच्या मनातल्या समजुतीशी जुळणारा होता.

दप्तरखान्याची कल्पना प्रथम हादरली ती हेन्री मोलेसन या अमेरिकन तरुणामुळे. अपस्माराच्या झटक्यांनी ज्याचे आयुष्य दुःसह झाले होते अशा या सत्तावीस वर्षांच्या तरुणावर 1953 साली हार्टफर्ड येथे विल्यम स्कोव्हिल यांनी शस्त्रक्रिया केली आणि मेंदूच्या दोन्ही बाजूंनी, कानशिलांच्या आत खोलवर असलेला हिप्पोकॅम्पस नावाच्या अवयवाचा मोठा भाग व त्याच्या शेजारचा भाग काढून टाकला. झटके पुष्कळ कमी झाले. बुद्धी शाबूत राहिली. बोलणे, वागणे, सौजन्य, लहानपणीच्या कित्येक गोष्टी, सारे जागच्या जागी राहिले. आणि त्या दिवसापासून पुढे घडलेली कोणतीही गोष्ट त्याच्या मनात टिकेनाशी झाली. ब्रेंडा मिल्नर मॉन्ट्रिऑलहून येऊन त्याची परीक्षा घेत आणि प्रत्येक भेटीत त्या त्याला नव्याने परक्या असत. आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरविण्याचे काम त्यांनी त्यास दिले असता त्याचा हात दिवसेंदिवस सुधारत गेला, परंतु हे काम आपण पूर्वी कधी केले आहे याची त्याला यत्किंचितही जाणीव नव्हती. म्हणजे हाताची शिकवण आणि प्रसंगाची आठवण ही दोन निरनिराळी खाती असून हिप्पोकॅम्पसच्या अखत्यारीत येते ते दुसरे खाते, हे एका माणसाच्या दुर्दैवाने सिद्ध झाले. सुझॅन कॉर्किन यांनी तर चार दशकांहून अधिक काळ त्याचा अभ्यास केला. त्याच्या जिवंत मेंदूचे चुंबकीय चित्रण होऊन ते 1997 साली प्रसिद्ध झाले, तेव्हा स्कोव्हिल यांनी सुमारे आठ सेंटिमीटर म्हणून सांगितलेला छेद वस्तुतः सुमारे पाच सेंटिमीटरांचाच होता असे आढळले, आणि चाळीस वर्षे पाठ्यपुस्तकांत चाललेला मजकूर दुरुस्त करावा लागला. 2008 साली त्याचा मृत्यू होईपर्यंत शास्त्रीय वाङ्मयात त्याचा उल्लेख दोन आद्याक्षरांनीच होत असे. नाव जगाला कळले ते नंतर. ज्या माणसाला आपण विज्ञानासाठी काय दिले हे रोज सांगितले तरी उद्या आठवणार नव्हते, त्याच्याविषयी या विषयाच्या प्रत्येक अभ्यासकाने कृतज्ञ असले पाहिजे.

आता यंत्राविषयी थोडे. रक्तातील हीमोग्लोबिन प्राणवायूने युक्त असताना आणि प्राणवायू देऊन मोकळे झालेले असताना चुंबकीय क्षेत्रात निरनिराळे वागते, हा शोध लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी 1936 साली लावला, आणि त्याचा मेंदूशी काही संबंध येईल हे पुढील अर्धशतक कोणाच्या ध्यानी आले नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सेजी ओगावा हे जपानी शास्त्रज्ञ उंदरांच्या मेंदूची चित्रे घेत असता, श्वासातील प्राणवायूचे प्रमाण कमी-अधिक केले की चित्रातील रक्तवाहिन्यांच्या रेषा गडद-फिक्या होतात, हे त्यांनी 1990 साली दाखविले. दोनच वर्षांत तीच युक्ती माणसांवर लागू पडली. शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असलेला हा अवयव शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा खातो; त्याचा एखादा भाग कामास लागला की तेथे गरजेहून अधिक ताजे रक्त लोटते, प्राणवायुविरहित हीमोग्लोबिनचे प्रमाण घटते, आणि यंत्रास मिळणारा संदेश किंचित बळावतो. हा बळ येण्याचा क्षण मूळ घटनेनंतर पाच-सहा सेकंदांनी कळसास पोहोचतो, आणि चित्राचा लहानात लहान कण बहुधा तीन मिलिमीटर बाजूच्या घनाएवढा असून त्यात लाखो चेतापेशी मावतात. म्हणजे घटना क्षणार्धात घडून गेलेली, साक्ष काही सेकंद उशिराची, आणि तीही लाखोंची एकत्र. शिवाय असे कण एका मेंदूत हजारोंनी असतात व प्रत्येकाची स्वतंत्र गणना होते, त्यामुळे निव्वळ योगायोगानेही काही कण उजळलेले दिसणे अपरिहार्य असते. क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली एक मेलेला सामन मासा यंत्रात ठेवून, त्याला माणसांची छायाचित्रे दाखवून, योग्य ती सांख्यिकीय दुरुस्ती न केल्यास त्याच्याही मेंदूत हालचाल दिसते, हे दाखवून दिले. ज्या अभ्यासकांनी ही दुरुस्ती टाळली होती त्यांना तो इशारा होता, आणि तो आवश्यक होता.

या साऱ्या मर्यादा मान्य करूनही 1998 साली ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात जे दोन निबंध प्रसिद्ध झाले, त्यांचे वाचन मला आजही रोमांचित करते. प्रश्न असा होता की, आठवण बनते कशी हे पाहावयाचे असेल तर ती बनण्याच्या क्षणीच पाहिली पाहिजे. परंतु त्या क्षणी ती टिकणार आहे की लोपणार आहे हे ना पाहणाऱ्यास ठाऊक असते, ना ज्याची ती आठवण आहे त्याला. अँथनी वॅग्नर आणि त्यांचे सहकारी यांनी शब्द घेतले, जेम्स ब्रूअर आणि त्यांचे सहकारी यांनी छायाचित्रे घेतली. दोघांनीही लोकांना यंत्रात निजवून ती एकामागून एक दाखविली, प्रत्येकाच्या वेळची मेंदूची स्थिती नोंदवून ठेवली, नंतर त्यांची परीक्षा घेतली, आणि परीक्षेचा निकाल हाती आल्यावर मागे जाऊन त्या नोंदींची दोन भागांत वाटणी केली : पुढे जे आठवले ते एकीकडे, जे विसरले ते दुसरीकडे. पाहतेवेळी या दोन प्रकारांत मनुष्याला स्वतःला काहीच भेद जाणवलेला नव्हता. मेंदूत मात्र भेद होता. शब्दांच्या बाबतीत डाव्या कपाळामागच्या भागात आणि हिप्पोकॅम्पसच्या शेजारच्या डाव्या पट्ट्यात, चित्रांच्या बाबतीत उजव्या कपाळामागच्या भागात आणि दोन्ही बाजूंच्या त्याच पट्ट्यांत, पुढे टिकणाऱ्या गोष्टीच्या वेळी हालचाल अधिक होती आणि विसरल्या जाणाऱ्या गोष्टीच्या वेळी कमी. विस्मरणाचे कारण आपण नेहमी मागाहून घडलेल्या गोष्टींत शोधतो, काळ लोटला म्हणतो, वय झाले म्हणतो. आणि येथे असे दिसते की पुष्कळशा विस्मरणाचा निर्णय गोष्ट प्रथम समोर आली त्याच घटकेस होऊन गेलेला असतो. शिकविणाऱ्याने आणि शिकणाऱ्याने या एका निष्कर्षाचा जितका विचार करावा तितका थोडा आहे.

स्मरणाच्या दुसऱ्या अंगाविषयी, म्हणजे आठवून काढण्याविषयी, 2000 साली मार्क व्हीलर, स्टीव्हन पीटरसन आणि रँडी बकनर यांनी केलेला प्रयोग असा होता. लोकांना काही शब्दांबरोबर चित्रे आणि काही शब्दांबरोबर ध्वनी पुनःपुन्हा शिकविले. नंतर यंत्रात केवळ शब्द दाखवून, त्याच्या जोडीचे जे काही असेल ते मनात आणावयास सांगितले. समोर चित्र नव्हते तरी चित्र आठवताना दृष्टीच्या भागांपैकी काही भाग जागे झाले, आणि कानी काही पडत नव्हते तरी ध्वनी आठवताना श्रवणाच्या भागांपैकी काही. मूळ पाहणे-ऐकणे ज्या विभागांनी केले होते त्यांतीलच काहींना आठवण करताना पुन्हा कामास लावले जाते, परंतु सर्वांना नाही. आणि या ‘परंतु सर्वांना नाही’ यातच दप्तरखान्याच्या कल्पनेचा शेवट आहे. एकाच रुमालात बांधलेला अस्सल कागद कोठेच नसतो. दृश्याचा अंश दृश्याच्या खात्यात, नादाचा नादाच्या खात्यात, भयाचा आणखी कोठे, असे तुकडे वेगवेगळ्या कचेऱ्यांत पडलेले असतात, हिप्पोकॅम्पसकडे त्यांची सांगड ठेवण्याचे काम असते, आणि दर वेळी त्या तुकड्यांवरून नवा मसुदा तयार होतो, ज्यात गाळलेल्या जागा आजच्या ज्ञानाने, आजच्या इच्छेने आणि कित्येकदा दुसऱ्याच्या बोलण्याने भरल्या जातात. प्रिन्स्टन येथे शॉन पॉलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली एक पाऊल पुढे टाकून असे दाखविले की, पूर्वी पाहिलेल्या चेहऱ्यांची, स्थळांची व वस्तूंची नावे लोक आठवून सांगत असता, त्या त्या वर्गाचा मेंदूतील आकृतिबंध नाव ओठावर येण्यापूर्वी काही सेकंद आधीच प्रकट होऊ लागतो. आठवणाऱ्याच्या मनाची शोधाशोध चालू असल्याचे हे दर्शन आहे.

या पुनर्रचनेची आणखी एक बाजू 2007 साली लंडन येथून पुढे आली. हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या रोग्यांना डेमिस हसाबिस, एलेनॉर मॅग्वायर आदींनी त्यांच्या गतायुष्याविषयी विचारले नाही. समुद्रकिनाऱ्यावर पडून राहिल्यासारखा एखादा न घडलेला प्रसंग कल्पून सांगा, एवढेच सांगितले. बहुतेकांना ते साधले नाही. वाळू, पाणी, आकाश असे सुटे शब्द आले, पण त्यांचे एक स्थळ झाले नाही. जो अवयव भूतकाळ जुळवून देतो तोच न घडलेल्या गोष्टीलाही आकार देण्यास लागतो, हे ध्यानी घेतले म्हणजे आठवणीत कल्पनेची भेसळ का होते हा प्रश्न उरत नाही. दोहोंचे कारागीर एकच आहेत.

पाठांतराने मेंदूची घडण बदलते काय, हा प्रश्न आपल्याकडच्या वाचकास साहजिकच सुचेल. हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात शुक्ल यजुर्वेदाच्या 21 पंडितांच्या मेंदूची चित्रे घेण्यात आली आणि तितक्याच इतर व्यक्तींशी त्यांची तुलना करण्यात आली. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पंडितांच्या मेंदूच्या कानशिलांकडील बाह्य भागांत आणि उजव्या हिप्पोकॅम्पसमध्ये करड्या द्रव्याचे प्रमाण अधिक आढळले. हा निष्कर्ष अभिमानाने सांगितला जातो. परंतु पाठांतराने मेंदू असा झाला की असा मेंदू असणारेच पाठांतरात टिकले, हे एकदाच घेतलेल्या चित्रावरून ठरत नाही. त्यासाठी त्याच माणसांची चित्रे अभ्यासापूर्वी व नंतर घ्यावी लागतात. तसे लंडनच्या टॅक्सीचालकांबाबत झाले आहे : शहरातील सुमारे 25,000 रस्ते तोंडपाठ करण्याच्या परीक्षेस बसणाऱ्या उमेदवारांपैकी जे उत्तीर्ण झाले त्यांच्याच हिप्पोकॅम्पसच्या मागील भागात वाढ दिसली, अनुत्तीर्णांत दिसली नाही, असे वूलेट आणि मॅग्वायर यांनी 2011 साली दाखविले. घनपाठाची परंपरा अजून जिवंत आहे तोवर वेदपाठशाळेत नव्याने दाखल होणाऱ्या मुलांचा, त्यांच्या व त्यांच्या पालकांच्या संमतीने, असाच अभ्यास व्हावा अशी माझी तळमळ आहे.

शेवटी एका अशा प्रश्नाकडे वळतो, ज्याच्यासाठी मराठी वाचकाने हा विषय समजून घेणे मला सर्वांत निकडीचे वाटते. 2008 साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने खुनाच्या एका खटल्यात एका तरुणीस दोषी ठरविताना ज्या पुराव्याचा आधार घेतला, त्यात मेंदूतील विद्युत्संदेशांच्या चाचणीचा अहवालही होता. चाचणी अशी की, डोक्यास विद्युदग्रे लावून आरोपीस डोळे मिटून मुकाट बसवावयाचे, गुन्ह्यासंबंधीची वाक्ये प्रथमपुरुषी वाचून दाखवावयाची, आणि उमटलेल्या संदेशांवरून ही गोष्ट तिने केवळ ऐकलेली आहे की स्वतः अनुभवलेली आहे, हे ठरवावयाचे. आपण निर्दोष आहोत असे ती सांगत होती. तिच्या मेंदूने निराळे सांगितले, असे अहवालाचे म्हणणे. रक्ताच्या चित्रणाहून ही पद्धती वेगळी असली तरी तिच्या मुळाशी असलेले गृहीत तेच जुने दप्तरखान्याचे : आत अस्सल कागद आहे, मालक देत नसेल तर जप्त करावा. या निर्णयाची चर्चा जगभर झाली. पुढे 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात, संमतीवाचून अशा चाचण्या करणे हा स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती न होण्याच्या घटनादत्त हक्काचा भंग आहे, असा निर्णय दिला, आणि संमतीने केलेल्या चाचणीचा निष्कर्षही स्वतः पुरावा म्हणून दाखल होऊ शकत नाही, असे स्पष्ट केले.

न्यायालयाने हा निवाडा मुख्यतः मनुष्याच्या स्वातंत्र्याच्या भूमीवरून केला. प्रयोगशाळेचे म्हणणे त्याच वर्षी आले. स्टॅनफर्ड येथे जेसी रिसमन, हेन्री ग्रीली आणि वर नाव आलेले वॅग्नर यांनी लोकांना 200 चेहरे दाखविले, आणि काही वेळाने यंत्रात जुने व नवे चेहरे मिसळून दाखवून, केवळ मेंदूच्या चित्रावरून गणकयंत्र काय ओळखू शकते ते पाहिले. हा चेहरा आपण पूर्वी पाहिला आहे असे त्या माणसास वाटत आहे की नाही, हे यंत्राने पुष्कळच अचूक सांगितले. तो चेहरा त्याने खरोखर पाहिला होता की नाही, हे सांगण्यात मात्र ते अगदीच दुबळे ठरले. पाच वर्षांनी त्याच गटाने आणखी एक कसोटी लावली : जुना चेहरा आला की त्याच्या बारीकसारीक नव्या खुणांकडे लक्ष द्या, नवा आला की स्वतःच्या आयुष्यातील एखादी गोष्ट आठवा, एवढी सूचना लोकांना दिली, आणि यंत्राचा निर्णय नाणे उडवून दिलेल्या निर्णयापेक्षा चांगला उरला नाही. तेव्हा लपविण्याची इच्छा असलेल्या माणसापुढे हे साधन हतबल आहे, आणि जो काहीही न लपविता मनापासून सांगत आहे त्याच्याविषयी ते जे कळविते ती त्याची खात्री होय. ती खात्री खरी आहे की दुसऱ्याच्या बोलण्याने, वर्षांच्या लोटण्याने किंवा स्वतःच्या भीतीने घडविलेली आहे, याचा शोध घेण्यास आजही साक्षीदार, कागदपत्रे आणि जागेवरचा पंचनामा यांच्याकडेच जावे लागते.